गल्लीपलीकडची कात्री

३ मार्च, सोमवार

कच्-कच्. मग क्षणभर थांबून, रिकाम्या हवेत पुन्हा, कच्-कच्.

सकाळी या आवाजाने जाग आली, आणि डोळे उघडले तर आवाज कुठेच नव्हता. फार मागे राहिलेला आवाज तो. आमच्या शाळेसमोर शिंपीकाकांचं दुकान होतं. गुरुजी कवितेचा पहिला चरण म्हणत, दुसरा आम्ही पोरं म्हणायचो, आणि मधल्या विरामात रस्त्यापलीकडून काकांची कात्री ऐकू यायची. लांब काप संपला की काका कात्री उचलून हवेत दोनदा नुसतीच वाजवत. सवय त्यांची. गुरुजी म्हणत, "यती कुठे घ्यायची ते त्या शिंप्याकडून शिका रे, गाढवांनो!" मी आणि माझ्या बाकावरचा सोबती, आम्ही दोघांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. शाळा अर्धी टाकून काकांच्या हाताखाली जाऊन बसलो.

तो सोबती आज माझ्या दाराच्या बरोबर समोर, गल्लीपलीकडे, दुकान थाटून बसला आहे. एका बोटीने आम्ही या देशात आलो. एकच गादी होती, ती आळीपाळीने वापरली. एका इस्त्रीवर धंदा मांडला. आणि आता कित्येक वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही. असो. त्याच्यावर आज शाई खर्च करायची नाही.

आज आनंदाचं लिहायचं. गाणेबाई आल्या होत्या. उंच, ताठ, साधं "नमस्कार" म्हणाल्या तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज. शहरात नवं सभागृह उघडतंय, तिथे त्यांचा गायकवृंद पायऱ्यांवर उभा राहून गाणार. सगळ्यांना मखमलीचे कोट हवेत, गर्द वांगी रंगाचे.

"मास्तर, लांबून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की रंगमंचावर एक मोठा पडदाच उभा आहे आणि तो गातो आहे."

मी म्हटलं, "बाई, हे वाक्य तुम्ही मापासकट दिलंत."

त्या हसल्या. हे काम जमलं तर नाट्यगृहाचे सगळे पोशाख आमच्याकडेच देणार म्हणाल्या. शाळांचे गणवेश कारखान्यांनी पळवल्यापासून आमची मशीनं निम्मा वेळ झाकलेलीच असतात. संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, आता पुरे ना? आईचे गुडघे बघा. आमच्याकडे या, नातवंडांना कविता शिकवा." मी तिला शब्द दिला. हे कोट बाईंच्या पसंतीला उतरले नाहीत, तर मी स्वतः कात्रीला तेल लावून ती पेटीत ठेवीन आणि दुकानाची किल्ली तुझ्या हातात देईन. उतरले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

ही (माझी बायको; या वहीत तिला दुसरं नाव नको) फोनजवळ उभी होती. म्हणाली, "पैज लावायची सवय काही जायची नाही तुमची."

५ मार्च, बुधवार

कापड आलं. उलगडलं आणि खोलीत संध्याकाळ झाली. शाळेतल्या कवितांत सांजवेळेला जो रंग असायचा, तो हाच.

मखमलीचं एक असतं. तिची लव मांजराच्या अंगावरच्या केसांसारखी एकाच दिशेला बसते. लव वर जाणारी ठेवली तर रंग गडद दिसतो, खाली जाणारी ठेवली तर उजळ. सगळे कोट एकाच दिशेने आखले तर कापड फार वाया जातं. म्हणून मी आमची जुनी रीत धरली. एक कोट सरळ आखायचा, त्याच्या कुशीत दुसरा डोकं खाली करून. मात्र एका कोटाचे सगळे भाग एकाच दिशेचे हवेत. म्हणून प्रत्येक भागाच्या उलट्या बाजूला खडूने बाण काढायचा आणि गठ्ठे बांधताना बाणाशी बाण जुळवायचा. वरून हात फिरवून बघायचं नाही, मखमलीवर बोटं उमटतात. काकांची ताकीद होती आणि मी ती आजपर्यंत मोडलेली नाही.

कात्री चालली तेव्हा वाटलं, हात अजून पंचविशीतला आहे. फक्त खोलीतला दिवा मंद झालाय. हिला म्हटलं, दिवा बदल. म्हणाली, परवाच बदलला. हल्लीचे दिवे!

८ मार्च, शनिवार

गठ्ठे मीच बांधले. ही म्हणाली, "लांबवेणीला घ्या ना बरोबर, तिची नजर चांगली आहे." लांबवेणी म्हणजे आमची मशीनवाली. मुलगी गुणी आहे, पण गठ्ठा हा मास्तरने बांधायचा असतो. कवितेची पहिली ओळ कोणी दुसऱ्याकडून लिहून घेतं का?

खडूचं मात्र काही खरं नाही. पूर्वी कसा ठसठशीत उमटायचा! आता गडद कापडावर पांढरी रेघ ओढली तरी ती आहे की नाही असा प्रश्न पडतो. छापखान्यांचंही तसंच. माझ्या कवितासंग्रहातली शाई पार उडून गेली. ही मला हल्ली रोज थोड्या कविता वाचून दाखवते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला गोडी लागली, हेही नसे थोडके. सुया सकाळीच ओवून उशीत टोचून ठेवते. मी म्हटलं, "माझे लाड चाललेत की काय?" तर म्हणाली, "चहा कपात ओता आधी, बशीत चाललाय."

१० मार्च, सोमवार

पहिले कोट जोडून झाले. मखमल नेहमी उलट्या बाजूने शिवतात, त्यामुळे तिचं रूप शेवटीच दिसतं. लांबवेणीने एक कोट उलटवून खिडकीत टांगला आणि दोन पावलं मागे सरकली.

"मास्तर, हा... इकडे रात्र, तिकडे दिवस."

काय उपमा! मी चकित झालो. आमची भाषा तिला कामापुरती येते, आणि त्यात हे! हिला हाक मारली. "ऐकलंस? ही मुलगी कवयित्री आहे. एकाच कोटात रात्र आणि दिवस!"

ही आली, कोटाकडे बघत राहिली. मग दुसरा टांगला, तिसरा टांगला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं सांगता येत नाही, पाठीमागे खिडकीचा उजेड होता. शेवटी म्हणाली, "छान दिसतायत. तुम्ही आता अस्तराचं बघा. कोटांना हात लावू नका, मी आणि लांबवेणी पुढचं करतो."

कौतुक करायला जीभ जड होते हिची. जन्माची खोड.

१२ मार्च, बुधवार

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत गेलो की दोघी गप्प होतात. दुपारी ही भलीमोठी पिशवी घेऊन बाहेर पडली. कुठे? तर "गुडघ्यांना चालायला सांगितलंय." पिशवी घेऊन कोणता वैद्य चालायला सांगतो?

आणि आज समोरच्या उसव्याच्या दुकानातून कात्री ऐकू आली. होय, तीच. दोन रिकाम्या कापांची. कित्येक वर्षांत त्याने ती तशी वाजवली नव्हती.

लिहायचं नाही म्हटलं होतं, पण आता लिहितोच. दुकान आमचं दोघांचं होतं. एक दिवस हा म्हणाला, "कवी, लोक आता कपडे शिवून घेत नाहीत. तयार घेतात आणि आखूड करून मागतात. आपण ते काम धरू." माझं डोकं फिरलं. काकांनी आपल्याला शिवायला शिकवलं, दुसऱ्याची शिवण उसवायला नाही! मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तू शिंपी नाहीस, उसव्या आहेस." त्याने आपली कात्री उचलली, गल्ली ओलांडली आणि पाटी लावली: उभ्या उभ्या उसवून मिळेल. माझाच शब्द माझ्या दारासमोर टांगला. रोज सकाळी दार उघडलं की तो मला वाचावा लागतो. अर्थात हल्ली ती पाटीही फिकी झाली आहे, आणि ते बरंच आहे.

पण आज इतकं काय काम आलंय त्याच्याकडे?

१५ मार्च, शनिवार

आज सकाळी बघितलं. गल्लीपलीकडे, त्याच्या खिडकीत, वांगी रंग.

नीट दिसलं नाही. धुकं होतं, किंवा काच मळकी होती. पण रंग मी ओळखतो. तोच रंग, ढीगच्या ढीग. गाणेबाई दोन्हीकडे गेल्या असतील का? अर्धे कोट मला, अर्धे त्याला, ज्याचे चांगले त्याला नाट्यगृह? की याने जाऊन त्यांचे कान भरले? "म्हातारा आता थकलाय," असं म्हणाला असेल. हे वाक्य मला त्याच्या आवाजात ऐकू येतं.

हिला विचारलं. ती काजं करत होती, मान वर केली नाही.

"असेल दुसरं काही. भाऊजींकडे काय वांगी रंगाची बंदी आहे?"

भाऊजी! ती पहिल्यापासून त्याला भाऊजी म्हणायची. आमच्या भांडणानंतर या घरात तो शब्द उच्चारला गेला नव्हता. तिने दोरा दाताने तटकन तोडला.

१७ मार्च, सोमवार

आमच्या स्टँडवर कोट कमी आहेत. कमी म्हणजे बरेच कमी. ही म्हणते, खोक्यांत भरून मागच्या खोलीत ठेवलेत, धूळ बसू नये म्हणून. शुक्रवारी दुपारी बाईंची गाडी येणार. मी मागच्या खोलीत डोकावलो. खोकी आहेत, ओळीने, दोरीने बांधलेली. मग ठीक आहे.

मग मला झोप का लागत नाही?

एक ओळ सुचली होती: "या काठावर एक कात्री, त्या काठावर एक." पुढचा चरण काही येत नाही. शाळेत असताना मी पहिली ओळ म्हणायचो आणि बाकावरचा तो लगेच दुसरी जुळवायचा, बहुधा वाह्यात, पण मात्रेला पक्की.

१८ मार्च, मंगळवार

आज मी त्याला सोडलं नाही.

इतक्या वर्षांनी गल्ली ओलांडली. तो दारातच उभा होता, डोक्यावर टोपी, एक हात कमरेवर, जशी काही माझीच वाट बघत होता. ऐट तर बघा. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं ओकलो. म्हटलं, "माझ्या ताटातलं ओढून घ्यायला तुला काहीच वाटत नाही? एका गादीवर झोपलो आपण! तुला ताप आला होता तेव्हा तुझ्या वाटची शिलाई कोणी केली? आणि आज माझं शेवटचं काम पळवतोस?" रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबली. एक जण हसला देखील. हसू दे.

त्याने एक शब्द उलट काढला नाही. पापणी हलली नाही त्याची. चोर असतो तो असाच गप्प राहतो.

ही धावत आली, माझा दंड धरला. "अहो, चला घरी. तो काय उत्तर देणार आहे तुम्हाला!"

"बघ ना, आहे का उत्तर?"

"नाही हो. चला." तिचा आवाज कापत होता. वाटलं हसते आहे, वळून बघितलं तर पदराने डोळे पुसत होती. माझी बाजू तिला अखेर पटली असावी.

जाताना दुकानाच्या आतून कात्री ऐकू आली. दोनदा, रिकामी. म्हणजे आता त्याने हाताखाली माणूसही ठेवला आहे.

२० मार्च, गुरुवार

आज अक्षर वाकडं येईल.

दुपारी दोघी बाहेर गेल्या होत्या. स्टँडवर एकच कोट राहिला होता, कॉलरसाठी मागे ठेवलेला. मी त्याच्याजवळ खुर्ची घेऊन बसलो. किती वेळ कोण जाणे. मग काकांची ताकीद मोडली. त्या मखमलीवरून हात फिरवला.

उजव्या बाजूवरून हात खाली आला, पाण्यावरून यावा तसा. डाव्या बाजूवर ठेवला, खाली आणला, आणि तळव्याला लव उभी राहून टोचली. मांजर उलटं कुरवाळल्यासारखी. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. पाठीवर एक भाग असा, एक तसा. बाही तिसरीच.

इकडे रात्र, तिकडे दिवस. ती उपमा नव्हती. ती मुलगी मला दोष दाखवत होती आणि मी तिला कवयित्री केलं.

बाण चुकले. म्हणजे गठ्ठे चुकले. एका कोटाचे असतील तर सगळ्यांचे.

मागच्या खोलीत गेलो, खोक्यांच्या दोऱ्या कापल्या. आत जुने कागद, चिंध्या, अस्तराचे तुकडे. एकाही खोक्यात कोट नाही.

ही परत आली तेव्हा मी त्या पसाऱ्यात जमिनीवर बसलो होतो. तिने पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर त्याच क्षणी कात्री पेटीत गेली असती. ओळखते मी तुम्हाला."

"खडूने दगा दिला," मी म्हटलं.

ती माझ्या शेजारी बसली, गुडघा धरून, हळूच. "खडूने नाही हो," म्हणाली. माझा एक हात हातात घेऊन बसली. तिचा अंगठा माझ्या भुवईवरून फिरत होता, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

"कोट कुठे आहेत?"

"उद्या दुपारपर्यंत विचारू नका. एवढं ऐका माझं."

विचारायचं काय त्यात? मला कळायचं ते कळलं. काम समोर गेलं. हिनेच नेऊन दिलं. बाईंचे कोट आता तो नव्याने शिवतोय, त्याच्या दुकानात, त्याच्या नावाने. आणि मी परवा त्याला चोर म्हणून आलो. त्याने चोरलं नाही. मीच घालवलं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा ताठा मिरवला, तीच.

हिच्यावर राग येत नाही. तिने गाणेबाईंची अब्रू राखली. माझी राहिली काय, गेली काय.

२१ मार्च, शुक्रवार, सकाळ

कात्रीला तेल लावलं. पाती पुसली. काकांनी दिलेल्या फडक्यात गुंडाळली. ते फडकंही बोटीतून आलेलं, विरून जाळीदार झालंय. पेटी बंद केली. लेकीला फोन करायचा आहे, पण अजून आकडे लावले नाहीत. तिचं ठीक आहे. नातवंडं आहेत, अंगणात झाड आहे म्हणे. त्यांना गुरुजींच्या कविता शिकवीन. विराम कुठे घ्यायचा ते दाखवायला मात्र कात्री नसेल.

ही सकाळपासून घरात नाही. लांबवेणीही नाही. मशीनं झाकलेली आहेत. या खोलीत इतकी शांतता मी आलो त्या पहिल्या दिवशीही नव्हती. तेव्हा निदान दुसऱ्या कोणाचं तरी घोरणं होतं.

बाईंची गाडी दुपारी येईल. माझ्या दारात थांबेल की त्याच्या?

त्याच दिवशी, नंतर

वही मिटून ठेवली होती तेवढ्यात दारात सावली पडली. बाहेर ऊन होतं, त्यामुळे चेहरा दिसेना. नुसता एक काळा आकार, एका हातावर काहीतरी लोंबणारं. मला वाटलं गाडीवाला लवकर आला. मी उठून दारापाशी गेलो आणि म्हणालो, "समोरच्या दुकानात जा, कोट तिकडे आहेत."

आकार हलला नाही. मग मोकळा हात वर गेला.

कच्-कच्.



"ओळखलंस ना?" तो म्हणाला. आवाज म्हातारा झालाय त्याचा. "का पुन्हा शिव्या द्यायच्यात? मंगळवारी माझ्या दारातल्या पुतळ्याला असं झापलंस की बिचारा अजून मान खाली घालून उभा आहे."

"पुतळा?"

"टोपीवाला. गेल्या वर्षीच आणून उभा केलाय. मी आत बसून तुझेच कोट उसवत होतो. एकदा वाटलं उठून बाहेर यावं, पण वहिनींनी शपथ घातली होती. ते जाऊ दे. डोळ्यांचं आपण सावकाश बघू, त्यावर इलाज असतो. आधी हा धर."

त्याने हातावरचा कोट माझ्या हातात दिला. "फिरव हात. काकांना मी सांगतो वर गेल्यावर."

मी हात फिरवला. डावीकडे, उजवीकडे, पाठीवर, बाहीवर. पाणी. सगळीकडे एकाच दिशेने वाहणारं पाणी. शिवणीवर नखाने चाचपलं. जुन्या सुईचं एकही भोक लागेना.

"नवं कापड कुठून आणलंस?"

"कशाला आणू? तुझीच काप आहे सगळी, एक दोरा जास्त कापलेला नाही. भाग तेवढे एकमेकांत अडकले होते. सगळे सोडवले, वाफ देऊन लव उठवली, रात्र रात्रीला जोडली, दिवस दिवसाला. ती मशीनवाली पोरगी दोन्ही दुकानं सांभाळत होती."

त्याच्यामागे गल्लीत चाकं वाजली. ही स्टँड ढकलत आणत होती, त्यावर सगळे कोट, आणि लांबवेणी दुसऱ्या टोकाला.

"पण अर्धे गडद, अर्धे उजळ," मी म्हटलं. "बाईंना एक पडदा हवा होता."

"काल दाखवून आलो त्यांना. गडद मागच्या रांगेत, उजळ पुढच्या. म्हटलं, पडद्याला घड्या असतात, बाई, सावलीशिवाय पडदा कसला? त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, पसंत, पण हे सुचलं कोणाला? मी म्हटलं, आमच्या दुकानात एक कवी आहे."

आमच्या दुकानात म्हणाला.

ही स्टँड धरून गल्लीच्या मधोमध उभी होती. कोणीच पुढे येईना.

"आता आत ये म्हणतोस," तो म्हणाला, "की इथेच उभ्या उभ्या उसवून देऊ काही?"

मी दार धरून उभा होतो. बाजूला झालो.